दोरा नाही तर क्रमांक नाही

मंगळवार, १६ डिसेंबर २००३

लिहायचं कारण एकच आहे. परवा रविवारी निर्मळच्या शर्यतीत मला पहिला क्रमांक मिळाला आणि तो माझा नाही. हे कुणाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून ही वही.

आज प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी माझा चषक उंच धरून सगळ्या शाळेला दाखवला. "आपल्या पर्यवेक्षिका जयवंतीबाई, वय वर्षे बावन्न, आठ किलोमीटर धावून पंचेचाळिशीपुढच्या महिलांत पहिल्या!" नऊशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. दहावी ब च्या रांगेत ॲंजेला हात मागे बांधून उभी होती. एरवी मी तिला तिथल्या तिथे हटकलं असतं. आज मी दुसरीकडे पाहिलं. ॲंजेला म्हणजे ग्रेसीची मुलगी. ग्रेसी म्हणजे जी खरी पहिली आली ती.

क्रमाने लिहिते.

शर्यत आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी होती. प्रवेश फी नाही, प्रत्येक धावणाऱ्याने एक नवी चादर द्यायची. चिटणीस दिनानाथराव, त्यांची सोनचाफ्याची वाडी आहे निर्मळला. मागच्या वर्षी दोघे जण अर्ध्या वाटेतून रिक्षाने परतले आणि बक्षीस घेऊन गेले, म्हणून यंदा नियम करायला त्यांनी मला बोलावलं. जायचं मोठ्या रस्त्याने, टोकाच्या क्रुसाला वळायचं, यायचं आतल्या रस्त्याने. क्रुसापाशी प्रत्येकाच्या मनगटाला हिरव्या लोकरीचा दोरा बांधायचा. 'दोरा नाही तर क्रमांक नाही.' पुठ्ठ्यावर हे मी माझ्या अक्षरात लिहिलं. चार वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हापासून मी रोज पहाटे पळते, म्हणून नाव मीही दिलं. नियम करणाऱ्याने धावू नये असा नियम करायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या किलोमीटरला मला जोरात लघवीला लागली. सकाळी पाणी जास्त झालं होतं. रस्त्याला लागून एका घराच्या ओटीवर एक बाई फुलं निवडत बसली होती. क्लेमेंटीन तिचं नाव, हे नंतर कळलं. मी न विचारताच ती म्हणाली, "टीचर, मागे जावा, विहिरीच्या बाजूला." मी बाहेर आले तर म्हणते, "परत पुढून कशाला? केळीतून बांध धरा, लगेच रस्ता लागेल."

मी बांध धरला. रस्ता लागला. तो आतला रस्ता होता, परतीचा. पुढचं टोक आणि क्रूस राहून गेले. म्हणजे मी चुकले.

तिथेच पाण्याचं टेबल होतं आणि टेबलावर एरॉल. माझा जुना विद्यार्थी, आता मुंबईत बँकेत आहे. त्याची पाठ होती, ग्लास भरत होता. वळला, मला पाहिलं, माझं मनगट पाहिलं. "टीचर, दोरा नाय? तिकडची पोरं पण ना! तुम्हालाच विसरली!" शिल्लक लोकर त्याच्याकडे होती.

मी हात पुढे केला.

थोड्या वेळाने मागून ग्रेसी आली. पाचूबंदरची, मासे विकते, सत्तेचाळीस वर्षांची. पायांत मुलीचे शाळेचे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच किलोमीटरला ती मला मागे टाकून गेली होती. माझ्या बाजूला आली आणि एकदम तिचा वेग तुटला. "बाई? तुमी पुढे?" एवढंच. मी मान हलवली, जणू दम लागला होता. ती निघून गेली.

शेवटच्या वळणावर खडीवर ती पडली. उठून धावली तरी माझ्या आधी पोचली, कोपरातून रक्त वाहत होतं. निकालाच्या टेबलावर तिचा हात पाहिला तर दोरा नाही. ती म्हणाली, क्रुसावरच्या पोरीनं बांगडीला बांधलेला, पडले तशी बांगडी फुटली, दोरा तिच्यासंगं गेला. दिनानाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, नियम तुमचा. काय करायचं?"

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

ग्रेसी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती काही बोलली नाही. तिला बहुधा नीटसं लक्षात आलं नसावं.

बक्षीस चषक, प्रमाणपत्र आणि एक लेडीज सायकल. सायकल जिन्याखाली उभी आहे, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.


बुधवार, १७ डिसेंबर

आमच्याकडे हे माझ्या सरावाच्या वेळा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. आठ किलोमीटरला माझी सगळ्यात चांगली वेळ एक तास दोन मिनिटं. रविवारच्या चौकोनात यांनी एकोणपन्नास मिनिटं लिहिली आहेत आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. चहा घेताना म्हणाले, "तेरा मिनिटं! जयवंती, असं कसं गं?"

मी म्हटलं, "थंडी होती."

"हो, थंडी होती खरी," म्हणाले आणि पेपर उघडला. फार कौतुक आहे त्यांना.


शनिवार, २० डिसेंबर

मंगळवारी लिहिलेलं पुन्हा वाचलं. मुलांच्या वहीत असं दिसलं असतं तर मी लाल शाईने खालपासून वरपर्यंत रेघ मारली असती.

"म्हणजे मी चुकले." नाही. मी वसईत सत्तावीस वर्षं राहते आहे. मोठ्या रस्त्याकडून केळीत शिरलेला बांध आतल्या रस्त्याला निघतो हे मला ठाऊक नाही असं कोण म्हणेल? शर्यतीचा नकाशा मी स्वतः तपासला होता. बांधावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मला कळलं होतं. मनात म्हटलं, पोचल्यावर सांगू, नाव कापून घेऊ. मग एरॉल आला. मग पोचले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

आणि दुसरं. ग्रेसी माझ्या बाजूने गेली तेव्हा तिच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांतल्या एकीला दोरा होता. मी पाहिला होता. टेबलावर मला एवढंच म्हणायचं होतं की दोरा होता, मी पाहिला. चार शब्द. मी दुसरेच तीन शब्द म्हणाले.

बावीस वर्षं पर्यवेक्षण केलं, माझ्या नजरेतून कुणाची लबाडी सुटली नाही. गेल्या वर्षी एका मुलीने परीक्षेचा अर्ज दोन दिवस उशिरा आणला, आई आजारी होती म्हणाली, मी घेतला नाही. तिचं वर्ष गेलं. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, शिस्त म्हणजे शिस्त. ग्रेसी त्याच गल्लीतली, असं शिपाई म्हणाला. त्याचा इथे काही संबंध नाही, सहज आठवलं.

संध्याकाळी खाली गेले तर हे सायकलच्या चाकांत हवा भरत होते. म्हटलं, कशाला? कोण चालवणार आहे? म्हणाले, "उभी राहून टायर बसतात. आणि कधी लांब जायची वेळ आली तर?"


सोमवार, २२ डिसेंबर

सुट्टी लागायच्या आधी ॲंजेलाला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. तिच्या आईच्या कोपराची चौकशी करायची होती. मुलगी दारातच उभी राहिली, आत ये म्हटल्यावर एक पाऊल आली.

"आईचं कोपर कसं आहे?"

"बरं आहे, बाई."

"डॉक्टरकडे गेली होती?"

"हो, बाई. नाही, बाई. हळद लावली."

"बरं. जा."

ती गेली नाही. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आईने तुम्हाला थँक्यू सांगायला सांगितलंय."

"कशाबद्दल?"

"असंच, बाई. मंगळवारी मी टाळ्या नाही वाजवल्या ते... माझे हात दुखत होते."

बिचारीच्या आईने मनावर घेतलेलं दिसत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मुलगी मात्र फार चोरट्यासारखी वागते. प्रिलिममध्ये तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं.


गुरुवार, २५ डिसेंबर

क्लेमेंटीन ही एरॉलची आई. त्याने घरी येऊन नाताळच्या जेवणाचं बोलावणं केलं, जावं लागलं. हे आले नाहीत. म्हणाले, "तू जा. तुझं बोलावणं आहे."

ओटीवर तारा टांगलेला, आत पंधरावीस माणसं. क्लेमेंटीनने माझा हात धरून मधोमध बसवलं आणि सगळ्यांना म्हणाली, "ह्या बघा टीचर! माझ्या बांधावरून गेल्या आणि पहिल्या आल्या. माझ्या वाडीचा गुण!"

कुणीतरी हसलं. तिचा नवरा फर्डिनंड, पांढऱ्या मिशांचा माणूस, ताटातलं मटण चाखत म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही सगळे नाव देणार. धावायला नको, काय नको. आमच्या संडासात शिरायचं, केळीतून निघायचं, कप घ्यायचा!"

मग सगळेच हसले. म्हाताऱ्या हसल्या, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, घरच्या माणसाला चिडवावं तसं होतं. क्लेमेंटीन त्याच्यावर डाफरली, "गप रे, टीचर आहेत!" तो म्हणाला, "टीचरना माहीतच आहे. त्याच तर गेल्या होत्या."

एरॉल हसला नाही. तो उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. अकरा दिवस मी जे लपवते आहे ते निर्मळमध्ये जेवताना सांगायचा विनोद झाला आहे. निघताना मी क्लेमेंटीनला हळूच विचारलं, ग्रेसीला ठाऊक आहे का. ती म्हणाली, "ग्रेसी रोज आमच्या दारात मासळी घेऊन येते, टीचर. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, जा, बोल जाऊन. तर म्हणाली, क्लेमेंटीनबाय, तू गप रा." आणि माझ्या हातात करंज्यांचा डबा दिला.

ग्रेसी गप का राहिली हे मला कळत नाही. मी तिच्या जागी असते तर सगळा मंडप डोक्यावर घेतला असता.


शनिवार, २७ डिसेंबर

आज दिनानाथरावांकडे जाऊन सांगितलं. सगळं नाही, बहुतेक. ते चाफ्याच्या पाट्या मोजत होते, मोजणं थांबवलं नाही.

"बाई, माझ्या कानावर आलंय ते."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? पेपरात नाव छापून आलं. तीनशे बारा चादरी पोचल्या, मुली पांघरून झोपल्यासुद्धा. आता निकाल फिरवला तर लोक म्हणतील नियम करणाऱ्यांनीच... जाऊ द्या. तुमचीच शोभा होईल." मग पाटी खाली ठेवून म्हणाले, "असं करा. सायकल ग्रेसीला भेट देऊन टाका. तुमच्याकडून. गरजू आहे, मुलगी पुढल्या वर्षी कॉलेजला जाईल. तिला सायकल मिळाली, तुमचं मन मोकळं झालं. लोक वर म्हणतील, बाईंचं मन मोठं."

इतकं सोपं होतं. मला हसूच आलं. घरी येऊन चांगला जाड कागद काढला आणि माझ्या अक्षरात लिहिलं: 'सौ. ग्रेसी यांस सप्रेम भेट.' सायकलच्या दांड्याला रिबिनीने बांधलं. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

यांनी कागद वाचला. "भेट?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, दिनानाथरावांनी सुचवलं. ते म्हणाले, "सोमवारी मी येतो बरोबर. सायकल रिक्षात मावायची नाही, मी चालवत आणीन."


सोमवार, २९ डिसेंबर

पाचूबंदरला चार वाजता पोचलो. मी रिक्षात, मांडीवर पिशवी, तिच्यात यांनी मला न विचारता चषक आणि प्रमाणपत्रही भरलं होतं; मागून हे लेडीज सायकलवर, डोक्याला रुमाल बांधून. वसईच्या नाक्यावर पोरं हसली त्यांना. त्यांनी घंटी वाजवून दाखवली.

लिलाव चालू होता. बोटी लागलेल्या, बायका टोपल्या घेऊन गोल करून बसलेल्या, एक जण भाव पुकारत होती. ग्रेसी उकिडवी बसून बोंबील निवडत होती. कोपरावर अजून खपली होती. मला पाहून चट्कन उभी राहिली, ओले हात पदराला पुसले. शाळेच्या दारात पालक उभे राहतात तशी.

"बाई? ॲंजेलानं काय केलं?"

"काही नाही केलं. मी हे द्यायला आले." यांनी सायकल पुढे आणली. तिने कागद वाचला. हळू वाचला, ओठ हलवत. मग रिबीन सोडली, कागद काढून माझ्या हातात परत दिला.

"भेट नको, बाई."

"का? ॲंजेलाला कॉलेजला..."

"ॲंजेलाला मी नेईन खांद्यावर. मना दिलेली नको." मग म्हणाली, "जिंकलेली असंल तर घेईन."

बाजूच्या दोघींनी भाव लावायचं थांबवलं. मी म्हणाले, "ती तुझीच आहे."

"कशी माझी?"

मी यांच्याकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते. दोन आठवडे मी जे घरात सांगत नव्हते ते यांनी पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, हे मला तिथे, मासळीच्या वासात उभं राहून कळलं.

मी म्हणाले, "तू पहिली आलीस. मी क्रुसापर्यंत गेले नाही."

"काय म्हन्ली?" मागून एक म्हातारी ओरडली. "आमाला नाय आयकू आला!"

"मोठ्यानं बोला, बाई," दुसरी म्हणाली. "इथं बारीक आवाजात फक्त सुकट इकतात."

हशा झाला. पुकारणारीसुद्धा थांबली. बावीस वर्षं मी मैदानाच्या टोकापर्यंत आवाज पोचवते आहे, तो आवाज आज लागेना. मग लागला. मी म्हणाले की मी शर्यतीत टोकापर्यंत गेले नाही, वाडीतून मधल्या वाटेने आले, दोरा खोटा बांधून घेतला. ग्रेसीच्या हाताला दोरा होता तो मी डोळ्यांनी पाहिला होता आणि तरी तिचा क्रमांक कापला. ती पहिली आली. मी आलेच नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. म्हातारी म्हणाली, "मंग आता तरी सांगितलास बाय," आणि पुन्हा भाव सुरू झाला. पापलेटची पाटी कुणाला गेली ते मी पाहिलं नाही.

ग्रेसीने सायकलचं हँडल धरलं. "चावी?"

यांनी खिशातून काढून दिली. ती मग म्हणाली, "बाई, एक लिहून द्या मना."

मला समजलं असं वाटलं. पिशवीतून कागद आणि पेन काढलं, सायकलच्या सीटवर टेकवून लिहायला लागले: 'दिनांक १४ डिसेंबर रोजी झालेल्या शर्यतीत मी...'

"ते नको," ग्रेसी म्हणाली. "ते सगल्यांनी आयकला. दिनानाथला पायजे तर द्या. मना पोरीचं लिहून द्या."

"पोरीचं काय?"

"तिला दहावीला काय नाय करनार म्हनून."

ती शांतपणे, समजुतीने बोलत होती, जसं गिऱ्हाईकाला सांगावं. "मी त्या दिवशी टेबलावर बोलली असती, बाई. पन माझी पोर तुमच्या शालेत हाय. आमच्या बाजूच्या पोरीचा फॉर्म तुमी नाय घेतलात ना. मी काय बोलनार? आता तुमी सगल्यांपुढे बोललात, उद्या शालेत जाल, राग येल. येतो मानसाला. म्हनून लिहून पायजे."

मला राग येणार नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग गेल्या सोमवारची ॲंजेला आठवली, दारात उभी, 'माझे हात दुखत होते' म्हणणारी. मी तिला चोरटी म्हटलं होतं, याच वहीत. मिटलं तोंड आणि लिहिलं. हे बाजूला सरकले, मला वाचून दाखवायला लावलं नाही, वाचलंही नाही.

दिनानाथरावांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी दोन वेगळी पत्रं तिथेच धक्क्यावर लिहिली, शर्यतीत काय झालं त्याबद्दल. मुख्याध्यापकांचं पत्र शाळा उघडल्यावर प्रार्थनेनंतर वाचलं जावं असं त्यात लिहिलं आहे. ते वाचतील की नाही मला माहीत नाही. नाही वाचलं तर मी वाचेन.

आज सौ. ग्रेसी यांच्या हातात मी दिलं ते:

लेडीज सायकल एक, निळी, चावीसह. पुढच्या टायरला निर्मळ ते वसई ते पाचूबंदर एवढाच वापर.

चषक एक. त्यावर माझं नाव कोरलेलं आहे, ते खोडता आलं नाही. ग्रेसी म्हणाली, राहू द्या, तांदूळ मोजायला घेईन.

प्रमाणपत्र एक, माझ्या नावाचं, मधोमध फाडलेलं. ते तिने घेतलं नाही, परत आणलं.

चिठ्ठी एक: 'ॲंजेला, इयत्ता दहावी ब, हिला माझ्याकडून परीक्षेत, अर्जात किंवा वर्गात कोणताही त्रास होणार नाही.' खाली सही, हुद्दा, तारीख. ग्रेसीने ती दोनदा वाचली, तारीख तपासली आणि ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचली.